एक फाईल, एकच जागा

सी भाषा शिकणारी मुलं तारीख तपासणारं फंक्शन ग्रंथालयाच्या प्रोजेक्टसाठी लिहितात आणि तीच फाईल हजेरीच्या प्रोजेक्टमध्ये कॉपी करतात. पुढे कळतं, की १९०० हे लीप वर्ष नव्हतं. मग एक प्रत दुरुस्त होते, दुसरी तशीच राहते.

माझ्या मते ही सवय वर्गातच मोडायला हवी. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये तयार केलेलं 'मेक' त्यासाठी पुरेसं आहे. सामायिक फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवायची आणि दोन्ही प्रोजेक्टच्या मेकफाईलमध्ये तिचा पत्ता द्यायचा. 'मेक' फाईलींच्या वेळा बघतं. ऑब्जेक्ट फाईलपेक्षा मूळ फाईल नवी असेल, तरच ती पुन्हा कंपाईल करतं. चूक एकदा सुधारा, दोन्हीकडे 'मेक' चालवा, झालं! ऑब्जेक्ट फाईल मात्र प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी ठेवावी, कारण कंपाईल करतानाचे पर्याय वेगळे असू शकतात.

"आधी प्रोग्राम तर जमू दे," असं काही शिक्षक म्हणतील. पण साधी मेकफाईल चार-पाच ओळींचीच असते. गुण देताना आपण फक्त आउटपुट बघतो, म्हणून मुलंही तेवढंच बघतात. यंदा फोल्डरही उघडून बघू या. आणि पालकांनो, तुम्ही घरी एवढंच विचारा, "ही फाईल अजून कुठे कुठे आहे?"