खतावणीत न मांडलेला खर्च

व्यापाऱ्याच्या घरी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाचा दिवा मालवत नाही. तरीही कित्येक पेढ्यांवर एक खर्च असा असतो की तो कोणत्याही वहीत चढत नाही. जाफराबाद येथील एका किराणा व भुसार व्यापाऱ्याची ही हकिगत त्याच खर्चाची आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे गृहस्थ प्रत्येक बाजारपेठेत आढळतात.

सतराव्या वर्षी ते वडिलांच्या दुकानात बसू लागले. गादीमागच्या फळीवर बिडीची बंडले रचलेली असत. माल घेऊन आलेला शेतकरी आपुलकीने बिडी पुढे करी आणि ती नाकारणे म्हणजे त्याचा अवमान, अशी समजूत होती. पुढे चाळीस वर्षे रोज एक बंडल त्या फळीवरून उचलले गेले. ना रोखीत, ना उधारीत. घरात कंदमूळ वर्ज्य होते आणि पाणी गाळल्याशिवाय वापरले जात नसे. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेणारे हे गृहस्थ रात्री मागच्या अंगणात जाऊन बिडी मात्र ओढत. धूर हा काही आहार नव्हे, अशी सोयीची पळवाट त्यांनी स्वतःपुरती काढली होती.

एका दिवाळीला मालाची मोजदाद करताना बिडीचा साठा जुळेना. रोजचे स्वतःचे एक बंडल धरूनही आणखी तेवढीच तूट येत होती. नोकर जुना आणि विश्वासू होता. उरला तो दुकानात बसणारा तीस वर्षांचा मुलगा. शेटजींनी वही मिटली. त्याला जाब विचारावा, तर स्वतःचे बंडल तरी कोठे लिहिलेले होते?

पुढच्या पर्युषणात त्यांनी अठाई केली. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर काढले. बिडीची आठवण पहिले तीन दिवस तीव्र झाली, नंतर ती ओसरत गेली. पारणे झाले आणि नवव्या दिवशी ते दुकानात आले. ओळखीचा शेतकरी आला, चहा आला आणि हात आपोआप फळीकडे गेला. त्या रात्री ते पत्नीला म्हणाले, “आठ दिवस अन्नावाचून राहिलो. एका बिडीवाचून एक दिवस राहवत नाही.” त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, पण ते आठ दिवस तुम्ही दुकानात कुठे होता? स्थानकातच तर होता.”

या साध्या उत्तरात वैद्यकशास्त्राचे मर्म आहे. रक्तातील निकोटिनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणूनच ओढणाऱ्याला पुन्हा तलफ येते. ते पूर्ण सोडल्यावर चिडचीड, अस्वस्थता, झोपमोड यांचा जोर साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि काही आठवड्यांत तो मावळतो. म्हणजे शरीराची अवघड चढण अठाईतच पार पडली होती. उरली होती ती सवय: ती जागा, ती वेळ, तो चहा, ती संगत. शेटजींचा निग्रह कमी पडला नव्हता. त्याची परीक्षा जेथे व्हायची ती जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

यानंतर त्यांनी आयुष्यभराची प्रतिज्ञा केली नाही. रोज सकाळी सामायिक झाल्यावर फक्त त्या दिवसापुरते पच्चक्खाण घ्यायचे, असे ठरविले. दुकानातला चहा बंद करून ताक सुरू केले. तलफ आली की ती बहुधा काही मिनिटांतच ओसरते, हे ध्यानात आल्यावर तेवढा वेळ उठून गोदामातली पोती मोजून यायची, असा परिपाठ ठेवला. बिडी पुढे करणाऱ्या शेतकऱ्याला ते हात जोडून “आजचे पच्चक्खाण आहे” एवढेच सांगत. कोणीही अवमान मानला नाही. चाळीस वर्षांची समजूत चार दिवसांत खोटी ठरली.

सोयाबीनच्या आवकेच्या गर्दीत एकदा घात झाला. भावावरून वाद झाला आणि बिडी पेटली. पूर्वी असे झाले की ‘नियम मोडलाच’ म्हणून ते पुन्हा पहिल्यासारखे ओढू लागत. या वेळी रात्री त्यांनी आलोचना केली आणि सकाळी पुन्हा एक दिवसाचे पच्चक्खाण घेतले. एक हप्ता चुकला म्हणून कोणी सारे कर्ज बुडीत खाती टाकत नाही.

मग प्रश्न आला फळीचा. बिडीची विक्री बंद करतो म्हणताच मुलगा म्हणाला, “बाबा, मजूर बिडीबरोबर मीठ-तेल नेतो. बिडी नसेल तर तो मीठही दुसरीकडे घेईल.” हिशेब बरोबर होता. तसे काही गिऱ्हाईक खरोखरच तुटले. शेटजींनी फळी रिकामी केली, पण तुटीविषयी मुलाला एका शब्दानेही विचारले नाही. त्या दिवशी प्रथमच त्यांनी आपल्या बिडीचा हिशेब मांडला. बिडी, काडेपेटी मिळून रोजचे तीस रुपये धरले, तर वर्षाचे १०,९५० रुपये होतात. तो कागद त्यांनी वहीत, मुलाच्या नजरेस पडेल असा ठेवून दिला.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज निराधार आहे. तेंदूचे पान सच्छिद्र नसल्याने बिडी विझू नये म्हणून वारंवार व जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि टार व कार्बन मोनॉक्साइड छातीत अधिक जाते. तसेच बिडी सोडून तंबाखू-चुना मळणे किंवा गुटखा खाणे म्हणजे एका सावकाराचे देणे दुसऱ्याकडून कर्ज काढून फेडणे होय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांतील बहुसंख्य ती ओढणारे नव्हे, तर खाणारे होते.

आता वय झाले, सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद महत्त्वाची आहे. ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षे हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे सुमारे दहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे सुमारे तीन वर्षांचे आयुष्य वाचते. मुदत उलटल्यावर केलेल्या भरण्यावरही एवढी सूट मिळते. मात्र लवकर भरणाऱ्याला ती अधिक मिळते.

ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांनी संकोच करू नये. केंद्र शासनाची तंबाखूमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनची च्युइंगम किंवा औषधेही घेता येतात. ज्यांना हृदयविकार वा दमा आहे, त्यांनी तर डॉक्टरांना आवर्जून भेटावे.

जाफराबादच्या त्या दुकानात आता फळीवर गूळ आणि शेंगदाण्याच्या बरण्या आहेत. मुलाने बिडी सोडली किंवा नाही, हे शेटजींनी अजून विचारलेले नाही. परंतु गेल्या चातुर्मासात एके सकाळी सामायिकानंतर ते उठले, तेव्हा मुलगा शेजारी बसलेला होता. “बाबा, मला आजच्या दिवसापुरते द्या,” तो म्हणाला. वडिलांनी कशाचे, असे विचारले नाही. हात जोडून पच्चक्खाणाचा पाठ म्हटला आणि दोघे दुकान उघडायला निघाले.