पहलवी कोण वाचणार?

ऑगस्टात पारशी नववर्षाच्या शुभेच्छा आपण सगळेच देतो. त्याच महिन्यात, 20 तारखेला, 1909 साली अवेस्ताचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा यांचे निधन झाले, याची आठवण मात्र क्वचितच निघते. त्यांच्या नावाची के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट 1916 मध्ये स्थापन झाली. पुण्याची भांडारकर संस्था तिच्यापेक्षा एका वर्षाने धाकटी. भांडारकर संस्था मराठी वाचकाला आपली वाटते. मुंबईच्या फोर्टात, लायन गेटसमोरच्या कामा संस्थेवरून रोज असंख्य चाकरमानी जातात, पण आत डोकावणारे थोडे.

आत अवेस्ता आणि पहलवी या जुन्या इराणी भाषांतले, तसेच फारसी, अरबी, संस्कृत आणि गुजराती ग्रंथ आहेत. मुल्ला फिरोज यांचा संग्रहही इथेच आला. पारशी पंचांगात महिना कोणता धरायचा यावरून अठराव्या शतकात गुजरातेतल्या पारशांत दोन तट पडले. त्याचा निर्णय इराणच्या जाणकारांकडून आणावा म्हणून 1768 मध्ये भरूचचे काऊस यांना तिकडे पाठवण्यात आले. सोबत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा होता. सुमारे बारा वर्षांनी फारसी-अरबीत पारंगत होऊन परतलेला तो मुलगा म्हणजेच मुल्ला फिरोज. नववर्षाचा दिवस ठरवण्यासाठी एवढी पायपीट करणाऱ्या समाजाची ही ग्रंथसंपदा आहे.

कामा स्वतः व्यापारी घराण्यातले. व्यापारासाठी ते दादाभाई नौरोजींबरोबर लंडनला गेले आणि परतताना युरोपात श्पीगल यांच्यासारख्या पंडितांकडे अवेस्ता शिकले. पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत असलेल्या प्रार्थनांचा अर्थ व्याकरणाच्या आधारे लावता येतो, हे त्यांनी तिथे पाहिले. मुंबईत येऊन 1861 पासून त्यांनी तरुण पारशी पुरोहितांना ही विद्या शिकवली. अवेस्ताचा कोश रचणारे कावसजी एदलजी कांगा त्याच वर्गातले. आमच्या मते कामांचे सर्वांत मोठे काम हेच. खंबायतला 1323 मध्ये मेहरबान कैखुश्रू यांनी नकलून काढलेल्या यस्ना या अवेस्तातल्या प्रार्थनाग्रंथाच्या पोथ्या आज कोपनहेगन आणि ऑक्सफर्डला आहेत. त्या परत आल्या नाहीत. त्या वाचण्याची विद्या मात्र कामांनी परत आणली.

हा एका छोट्या समाजाचा घरगुती ठेवा आहे, असे समजणे चूक आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत इसवी सन 1009 आणि 1021 मधले पहलवी लेख आहेत; तिथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावे बौद्ध लेण्याच्या दगडावर कोरून ठेवली. अवेस्तातल्या गाथा आणि ऋग्वेद यांचे भाषिक नाते इतके जवळचे की एकाच्या अभ्यासकाला दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. मार्टिन हाउग पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवत असतानाच त्यांचा पारशी धर्मग्रंथांवरचा निबंधसंग्रह 1862 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठ्यांच्या इतिहासाचे तर बरेच साहित्य फारसीत आहे. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी या इतिहाससंशोधकांनी ते वाचले म्हणून आपल्याला ते कळले. त्यांच्या तोडीचे किती वाचक आपण त्यानंतर घडवले, याचे उत्तर विद्यापीठांनीच द्यावे.

2011 च्या जनगणनेत देशातील पारशांची संख्या 57,264 भरली. दहा वर्षांपूर्वी ती 69,601 होती. एवढ्या लोकांनी अग्याऱ्या सांभाळायच्या, धर्मादाय संस्था चालवायच्या आणि वर दोन-तीन मृत भाषांचे विद्वानही पुरवायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. या पोथ्यांच्या कागदाला वाळवी लागली तर औषध आहे, पानांची छायाचित्रेही घेता येतात. लिपीच कुणाला लागेनाशी झाली, तर त्या छायाचित्रांचा उपयोग नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मुंबई आणि पुण्याच्या विद्यापीठांनी अवेस्ता, पहलवी आणि फारसी शिकणाऱ्यांसाठी नियमित शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, त्यांना धर्माची अट नसावी आणि राज्य सरकारने त्यासाठी पैसा द्यावा. इतिहासाच्या आणि संस्कृतच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी कामा संस्थेच्या वाचनालयात घेऊन जावे. त्याची सुरुवात याच वर्षी व्हावी.