टिकत नाही? मग तोच धंदा करा!

बेकरीचा व्हिडिओ टाकला की पिंपळगाव राजासारख्या गावांतून एकच प्रश्न येतो: "सर, माल किती दिवस टिकेल?" माझं मत थोडं उलटं आहे. घरून धंदा करायचा तर न टिकणारा माल निवडा.

उदाहरण देतो बियालीचं. पोलंडमधल्या बियालिस्टोक शहरातल्या ज्यू लोकांचा हा पाव. तळहाताएवढा, मध्ये खोलगट, त्या खळग्यात परतलेला कांदा आणि खसखस. तिथून स्थलांतरित झालेल्या लोकांनी तो न्यूयॉर्कला नेला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी बियालिस्टोकमधले बहुतेक ज्यू मारले, पण पाव न्यूयॉर्कमध्ये तगला. तिथलं कॉसर्स हे दुकान १९३६ पासून तो भाजतंय. (आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू वेगळे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. हा पाव त्यांचा नाही.)

आता मुद्दा. बियालीत ना तूप, ना दूध. म्हणून तो काही तासांत चिवट होतो. याच कारणाने तो ट्रकात भरून लांब पाठवणं परवडत नाही. पुडीतलं बिस्कीट आणि खारी मोठी कंपनी तुमच्यापेक्षा स्वस्तात देणारच, तिथे तुम्ही हरणार. पण संध्याकाळी पाच वाजता, चहाच्या वेळी, गरम कांदापाव गल्लीत कोण आणून देणार? तुम्हीच ना!

कृती साधी आहे. मैदा ५०० ग्रॅम, पाणी साधारण ३२० मिली, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. दहा मिनिटं चांगलं मळा, दुप्पट फुगू द्या, दहा गोळे करा, पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र यीस्ट निम्मं करा आणि माठातलं पाणी घ्या, नाहीतर पीठ बघता बघता आंबून वास मारेल. कांदा कच्चा टाकायचा नाही. बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर तांबूस करा आणि गार होऊ द्या. गोळ्याचा मधला भाग बोटांनी अगदी पातळ दाबा. इथे हात आखडला की मधला भाग फुगतो आणि कांदा खाली सांडतो. ओव्हन २३० अंशांवर पूर्ण तापल्यावरच ट्रे आत, बारा ते पंधरा मिनिटं. बेगल आधी उकळतात, हा उकळायचा नाही.

खसखस महाग पडते, म्हणून अर्धे तीळ घातले तरी माझी हरकत नाही. आणि कृपा करून 'बियाली' नावाने विकू नका. 'कांदापाव' म्हणा. सोबत ठेच्याची छोटी वाटी द्या. आपल्या लोकांना पाव आणि कांदा दोन्ही नवीन नाहीत, परदेशी नावाने मात्र ते बिचकतील.

हिशोब करताना बायका एक गोष्ट हमखास विसरतात: स्वतःची मजुरी. ताई, मैदा-कांद्याचे पैसे धरता, मग दोन तास उभं राहिल्याचे का नाही? घरच्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी पाच-सहाच पाव बसतात. म्हणजे वीस पावांना चार खेपा. ती वीज, तो वेळ, कागदी पिशवी, सगळं वहीत लिहा आणि मग भाव ठरवा. त्या भावाला गिऱ्हाईक नसेल तर पंधरा दिवसांत कळेल, आणि नुकसान मैद्याच्या दोन-चार पुड्यांचं होईल, कर्जाचं नाही. म्हणून मोठा ओव्हन आधी घेऊ नका. अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी मात्र विक्रीआधीच करा, घरगुती धंद्यालाही ती लागते.

सकाळी अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्या, तेवढंच पीठ मळा. आणि वीज गेली तर? मळलेलं पीठ डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका आणि ग्रुपवर लगेच कळवा, "आज सात वाजता मिळेल." उरलेले पाव दुसऱ्या दिवशी ताजे म्हणून देऊ नका. तव्यावर भाजून घरीच खा, पोरांना आवडतात.