खोक्यावरचे तारे

मूर्तिजापुरात स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या सामानाचे एक जुने दुकान आहे. मध्यंतरी तिथे बल्ब घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन खोकी पुढ्यात ठेवली. दोन्हींवर ९ वॅट लिहिलेले. एकावर उत्पादकाचे नाव, पत्ता, नोंदणीचा क्रमांक आणि ताऱ्यांचे लेबल. किंमत १०० रुपये. दुसऱ्यावर झगझगीत सूर्य आणि त्याखाली पाच तारे, पत्ता मात्र कुठलाच नाही. किंमत ४० रुपये. मी चष्मा पुसू लागलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "काकाजी, तुमी शंभराचा न्या. चाळीसवाल्याची ग्यारंटी मी देत नाई. पण दहा गिऱ्हाइकं आले तं आठ जन चाळीसचाच मांगतेत. म्या नाई ठेवला तं बाजूचा ठेवते."

त्या आठांतल्या एक म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई. मुलगी दहावीला, म्हणून खोलीत चांगला उजेड हवा. वर्षभरात त्यांनी चाळीसचे चार बल्ब घेतले. एक लुकलुकत राहिला, एक पोळ्याच्या आदल्या रात्री गेला, बाकीचेही फार टिकले नाहीत. पावती नाही, त्यामुळे बदलून मिळण्याचा प्रश्नच नव्हता. १६० रुपये गेले आणि मुलगी अंधूक उजेडातच वाचते आहे. गरिबाला कर्ज महाग पडते हे मी बँकेत असताना पाहिले होते. दिवाही महाग पडतो हे आता पाहतो आहे.

कायदा नाही असे मुळीच नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. एलईडी बल्बवर ताऱ्यांचे लेबल २०१८ पासून सक्तीचे आहे, भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणीही आवश्यक आहे. हे तारे नुसते वॅट कमी म्हणून मिळत नाहीत. एका वॅटमागे किती ल्यूमेन प्रकाश पडतो, त्यावर ते ठरतात. जुना साठचा पिवळा बल्ब रोज पाच तास जाळला तर महिन्याला ९ युनिटे खातो. ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. पण छापल्याएवढा प्रकाश पडतो की नाही, हे गिऱ्हाइकाने मोजावे कशाने? डोळा तर मंद उजेडालाही दोन दिवसांत सरावतो. नोंदणी क्रमांक आता मोबाईलवर पडताळता येतो हे खरे, पण दुसऱ्याचा क्रमांक छापणाऱ्याला कोण अडवणार?

बँकेत काउंटरवर खोटी नोट आली की तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची, आणणाऱ्याला पोच द्यायची, पण नोट पुन्हा बाजारात जाऊ द्यायची नाही, असा दंडक. खोट्या ताऱ्याला असा कॅशियरच नाही. कायद्याच्या १७ व्या कलमात राज्य सरकारने ठरवून दिलेल्या यंत्रणेने निरीक्षण अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. आमच्या दुकानदाराने मात्र आजवर असा अधिकारी पाहिलेला नाही.

२०१७ साली नील्सन या संस्थेने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबाद इथली २०० दुकाने पाहिली. एलईडी बल्बचे ७६ टक्के ब्रँड सुरक्षेच्या मानकांत बसत नव्हते. ही पाहणी उत्पादकांच्याच संघटनेने करवून घेतली होती, तेव्हा तिच्यात मोठ्या कंपन्यांचा स्वार्थ होता हे धरून चालू. स्वस्त ते सगळे खोटे, असा अर्थ त्यातून काढू नये. 'उजाला' योजनेसाठी सरकारी कंपनीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला होता. मोठ्या खरेदीत एवढ्या भावात प्रमाणित बल्ब मिळत असेल, तर चाळीस रुपयांत खरा माल मागणाऱ्या बाईंना अडाणी कसे म्हणायचे?

तपासणी अवघड असते, हे तर मला पटतच नाही. १९२४ साली जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणायचे ठरवले. कारखान्यांतून नमुने मागवून ते स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत जाळून पाहत, आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! गिऱ्हाइकाचे नुकसान करण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी जी शिस्त जमली, ती त्याच्या फायद्यासाठी आज का जमू नये?

तालुक्याच्या दुकानांतून अधूनमधून नमुने उचलावेत, नापास ब्रँडची नावे मराठी वर्तमानपत्रांत छापावीत. नुसत्या दुकानदाराला धरून भागणार नाही. माल कुठून आला ते शोधत कारखान्यापर्यंत जायला हवे, आणि दुकानदाराला तो माल परत करता आला पाहिजे.

शंभराचा बल्ब मी बाईंना दिला. त्यांनी खोके फिरवून पाहिले आणि विचारले, "साहेब, याच्यावरचे तारे खरे हायेत हे तुमाले कसं समजलं?"

मी म्हणालो, "दुकानदाराने सांगितले."