वाडा राहिला, रान गेलं

आंबवड्याला नागेश्वराच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. झुलत्या पुलावर पोरं नाचतात. तिथं जवळच शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. राजाराम महाराजांच्या काळात ते सचिव झाले, आणि 1697 पासून भोर संस्थान सुरू झालं. पुढं ताराराणी आणि शाहू महाराजांचं भांडण लागलं. इकडं दिलेला शब्द, तिकडं गादीचा वारस. या कात्रीत सापडून त्यांनी 1707 साली आंबवड्यातच जीव दिला असं सांगतात. कान्होजी जेध्यांची समाधीही याच गावात. त्यांचा वाडा शेजारच्या कारीला. अफजलखान आला तेव्हा या माणसानं महाराजांसाठी वतनावर पाणी सोडलं. हे मोठेपण आम्ही मानतो.

भोरचा राजवाडा 1869 सालचा. लाकडी खांब, मोठे चौक, आता तिथं सिनेमावाले येतात. राजा कोण, कारभारी कोण, सगळं लिहिलेलं आहे. ते खांब कुठल्या डोंगरातनं उतरले, कुणाच्या खांद्यावरनं, ते काही कुणी लिहिलं नाही. रोहिड्यासारख्या गडांना घेरा असायचा, मेटी असायची. तिथं रात्र रात्र जागणारी माणसं होती. त्यांची नावं पाठ असणारं पोर शाळेत आम्हाला तरी भेटलं नाही.

पण खरी गोष्ट 1948 ची आहे. मार्च महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजांचा वाडा राजांकडं राहिला. देशभरच्या राजांना तनखे ठरले, ते थेट 1971 पर्यंत चालले. संस्थानचं रान मात्र सरकारी झालं. त्या रानात कातकऱ्याची झोपडी होती, महादेव कोळ्याची नाचणी-वरईची दळी होती. आपल्याला कुणी विचारलं? एका सहीत आपण अतिक्रमणवाले झालो.

आता दावे भरायला गेलं की साहेब म्हणतात, 75 वर्षांचा पुरावा आणा. भावांनो, बहिणींनो, गप बसू नका. 75 वर्षांची, म्हणजे तीन पिढ्यांची, अट बिगर-आदिवासींना आहे. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. आपले तालुके पेसात नाहीत म्हणून हा कायदा लागत नाही, असंही कुणी सांगतं. ते खोटं आहे. 2006 चा वनहक्क कायदा भोर-वेल्ह्यालाही लागतो.

आणि गंमत बघा. 2008 च्या नियमांत 13 वा नियम आहे, त्यात संस्थानाच्या काळातले नकाशे, हक्कनोंदी, सवलतींचे कागद पुरावा म्हणून धरलेत. ज्या दप्तरात वाड्याचा हिशोब, त्याच दप्तरात चराई, लाकूडफाटा, गवत यांच्या नोंदी सापडू शकतात. म्हणून वनहक्क समितीनं जुन्या कागदांच्या नकला लेखी अर्ज करून मागाव्यात. अर्जाची पोच घ्यावी. पोचेशिवाय कचेरीतनं हलू नये.

कागद मिळेस्तोवर दावा अडवून ठेवायचा नाही. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा, शेताला घातलेले बांध हेही पुरावेच आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही चालतो. मात्र एकावर थांबू नका, किमान दोन पुरावे जोडा. वाडीतली जी म्हातारी माणसं संस्थानाच्या गोष्टी सांगतात, त्यांच्याकडं येत्या ग्रामसभेच्या आत वही घेऊन जा. पावसाळ्यानंतर बघू म्हणू नका.