घड्याळ नंतर बघा, आधी घोडीची नाडी बघा



गेले काही दिवस या पानावर ऊस नाही, कांदा नाही, नुसती घोडीच दिसतीया, म्हणून दोघातिघांनी विचारलं, "आप्पा, शेती सोडली का काय?" सोडली नाही. आडसालीची मोठी बांधणी गेल्या आठवड्यात उरकली. पण आज जरा घोडीबद्दलच बोलायचं आहे, कारण घरात त्यावरून भांडण झालंय आणि माझं म्हणणं मला नीट मांडायचं आहे.

आमची मैना सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा चार वर्षांची होती. काठेवाडी रक्ताची. तिथं व्यवहार कसा होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. उंची किती, रंग कोणता, पाचकल्याणी आहे का, देवमन आहे का, भोवरा कुठं आहे, नाचती का. मीही तेच बघून घेतली. तिचं काळीज कसं चालतं, खूर कसे आहेत, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. बैल घेताना आपण त्याला चालवून बघतो, घोडं घेताना मात्र फोटो काढतो.

मग कुणीतरी लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीचं सांगितलं. 40 किलोमीटर, पुढं 60, 80, आणि पार 160 पर्यंत. म्हणलं, 40 म्हणजे काय मोठं? वयाची पन्नाशी ओलांडली होती, पण लहानपणापासून घोड्यावर बसलेलो. नाव दिलं.

20 किलोमीटरचा पहिला फेरा मी 1 तास 20 मिनिटांत मारला. पुढच्या चौघांत होतो. छाती फुगली. फेरा संपला की डॉक्टर तपासतात. घोड्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला 64 किंवा त्याच्या खाली यावे लागतात, तेही आल्यापासून 15 मिनिटांच्या आत. मैनाचे 76 भरले. पाणी मारलं, सावलीत फिरवली, परत दाखवली. 70. बाद.

घोडी लंगडत नव्हती, पडली नव्हती. तिनं मी सांगितलं तेवढं सगळं केलं. बाद झालो तो मी. पन्नाशीच्या माणसाला हे चारचौघांत कळणं सोपं नसतं, पण कळलं ते बरं झालं.

त्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ जवळजवळ शेवटी आले. खाली भीमथडीचं लहानसं तट्टू. अर्धं अंतर दुडकी, अर्धं कदम. चढ आला की खाली उतरून पायी. त्यांचं तट्टू आल्याबरोबर लघवी करून चारा खायला लागलं. त्यांना पूर्ण केल्याचं पदक मिळालं, मला गाडीत घोडी चढवून घरी यावं लागलं.

या खेळाचं मूळ इथंच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टेव्हिस कप नावाची स्पर्धा 1955 पासून चालते. 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, डोंगरातून, 24 तासांत. वेळेत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल मिळतं. आणि पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांमधून सर्वांत चांगल्या तब्येतीत आलेल्या घोड्याला वेगळा मानाचा कप देतात. तिथल्या लोकांचं म्हणणं असं, की पूर्ण केलं म्हणजे जिंकलं.

घरी आल्यावर मेडिकलमधून स्टेथोस्कोप आणला. डाव्या बाजूला, कोपराच्या मागं, तंग बसतो तिथं लावायचा. लब-डब मिळून एक ठोका. 15 सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. 15 सेकंदांत 16 म्हणजे 64. निवांत उभ्या घोड्याचे साधारण 30 ते 40 असतात. एक वही केली. रोज सकाळी उठल्यावरचे ठोके, कामावरून आल्यावरचे, आणि दहा मिनिटांनंतरचे. पिकाची नोंद ठेवतो तशी ही ठेवली. ज्या दिवशी सकाळचेच ठोके नेहमीपेक्षा सात-आठनं जास्त, त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही.

पहिले दोन महिने नुसता कदम. कालव्याच्या भरावावरून रोज तास-दीड तास. लोक हसायचे, "आप्पा, घोडी हाय का म्हैस?" मग दुडकी थोडी थोडी. एक नियम धरला: एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. अंतर वाढवलं तर वेग नाही, वेग वाढवला तर चढ नाही. जास्त काम झालं की दुसऱ्या दिवशी मोकळी सोडायची.

असं का? घोड्याची छाती तीन-चार महिन्यांत तयार होते. पण नस, सांधे आणि हाड तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणून घोडी दमत नाही, आपल्याला वाटतं तयार झाली, आणि तिथंच पाय जातो. नवं खोंड औताला धरताना आपले वडील पहिल्या वर्षी त्याला हलक्या रानातच धरायचे. ते शहाणपण आपण ट्रॅक्टर आल्यावर विसरलो, एवढंच.

दोन गोष्टी मी चुकत होतो, त्या सांगतो. पहिली, तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर अंग धरतं, असं आमच्याकडं मानतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी उकाड्यातल्या घोड्यांवर बरेच अभ्यास झाले आणि भरपूर गार पाणी सतत ओतणं हाच ऊन उतरवायचा चांगला मार्ग ठरला. दुसरी, चारा. मी हत्तीगवत आणि गव्हाचा कोंडा यावर भर देत होतो. हत्तीगवतातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, कोंड्यात फॉस्फरस जास्त. दोन्ही मिळून हाडाचं नुकसान. आता कडबा, वाळलेलं गवत आणि थोडा लसूण घास. मीठ रोज, कारण घोड्याच्या घामातून मीठ फार जातं. आणि एक कळकळीचं: कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नका, गुरांचं तयार खाद्यही नीट चौकशी केल्याशिवाय नको. त्यात मोनेन्सिन असलं तर घोडं मरतं.

वर्षानं परत 40 ला उतरलो. घोडी दहा मिनिटांत 56 वर आली. नंबर मधला कुठलातरी. पदक देवघरात ठेवलंय. पुढच्या हंगामात 60 झालं.

आता भांडणाचं. यंदा पुतण्या म्हणाला, "आप्पा, 80 ला नाव देऊ, मी बसतो." त्याचं वजन माझ्यापेक्षा कमी, बसतोही चांगला. नाव दिलं. निघायच्या चार दिवस आधी सकाळी पाय चाचपताना मैनाचा पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली मागच्या बाजूला कोमट लागला. सूज नाही, लंगडणं नाही, नुसता कोमट. डाव्याला हात लावला, गार. मी नाव मागं घेतलं.

पुतण्या चिडला. "लोकांना सांगितलंय. घोडी चालतीया, पळतीया. तुम्ही भिता." त्याचं सगळंच चूक नव्हतं. प्रवेश फी गेली, गाडी ठरवलेली, त्यानं आठ महिने घोडीमागं घातले. आणि मला पक्कं सांगता येत नव्हतं की 80 मध्ये तिचा पाय गेलाच असता. कदाचित काही झालंही नसतं.

पण नस तुटली की वर्षभर घोडी उभी राहते आणि पुढं पहिल्यासारखी होईलच असं नाही. एका बाजूला एक हंगाम आणि दुसऱ्या बाजूला जन्मभराचं जनावर. जुन्या फौजेत बारगीर असायचा आणि शिलेदार असायचा. बारगिराला घोडं सरकारचं, शिलेदाराचं स्वतःचं. आपण हौशी लोक सगळे शिलेदार. आपलं घोडं गेलं तर दुसरं कुणी देत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. गावोगावी यात्रेत, वाढदिवसाला घोड्यांच्या शर्यती लागायला लागल्यात, त्यापण डांबरी रस्त्यावर. बक्षीस फक्त पहिल्याला. ना डॉक्टर, ना तपासणी. त्यात पोरांचा दोष नाही. ज्याला बक्षीस ठेवाल त्याच्यामागं पोरं पळणार. कमिट्यांनी तीन गोष्टी कराव्यात. मातीचा रस्ता धरावा. एक पशुवैद्यक बसवावा आणि 64 च्या वर ठोके असलेलं घोडं पुढं सोडू नये. आणि पहिल्या नंबराच्या तोडीचं बक्षीस सर्वांत चांगल्या तब्येतीत आलेल्या घोड्याला द्यावं.

काही म्हणतील, हळू चालणारी घोडी बघायला कोण येणार? खरं आहे, गर्दी कमी येईल. पण ज्याला गर्दीच पाहिजे त्यानं तमाशा ठेवावा, जनावराला त्यात ओढू नये.

आणि नव्या पोरांना एवढंच: 40 दोनदा तब्येतीत पूर्ण झाल्याशिवाय 60 नाही, 60 दोनदा झाल्याशिवाय 80 नाही. हा कुणाचा नियम नाही, माझा आहे. मीच एका 60 वर 80 ला नाव दिलं, तिथं माझंही चुकलं. पुतण्याच्या घाईत माझीही घाई होती. हे त्याला अजून सांगितलेलं नाही, इथं वाचेल.

मैनाचा पाय आता गार आहे. तीन आठवडे विश्रांती झाली. कालपासून परत कालव्यावर, नुसता कदम. लगाम पुतण्याच्या हातात आहे. अजून माझ्याशी जास्त बोलत नाही, पण सकाळी मी उठायच्या आत वहीत ठोके लिहून ठेवतो. आजचे 36.