वस्तीची स्वतंत्र नोंद

पुण्याच्या एखाद्या पेठेला विश्वकोशात स्वतंत्र नोंद मिळावी, की ‘पुणे’ या नोंदीतल्या एका परिच्छेदात तिची बोळवण व्हावी? वरवर पाहता हा संपादकांच्या सोयीचा प्रश्न वाटतो. पण शहर कोणाचे म्हणून ओळखले जाणार, हेच त्यातून ठरते. नोंद मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बुधवार पेठ घ्या. इथल्या भिडेवाड्यात 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. इथलाच पेशव्यांचा बुधवार वाडा 1879 च्या मे महिन्यात आगीत गेला. अप्पा बळवंत चौकात जून उजाडला की पाठ्यपुस्तकांसाठी गर्दी उसळते, तपकीर गल्लीत विजेचे सामान मिळते, दगडूशेठ हलवाई गणपती याच पेठेतला. आणि तिथून थोड्याच अंतरावर देहविक्री करणाऱ्या बायकांची वस्ती. शहराच्या नोंदीत भिडेवाडा शिक्षणाखाली जाईल, गणपती उत्सवांखाली, चौक व्यापाराखाली. त्या बायका बहुधा कुठेच येणार नाहीत. हे सगळे एकमेकांना खेटून नांदते, हेच या पेठेचे वैशिष्ट्य, आणि ते पेठेच्याच नोंदीत मांडता येते. अर्थात त्या बायकांना वगळून लिहिलेली नोंद आम्हाला मान्य होणार नाही. भिडेवाड्याची मोडकळीला आलेली इमारत 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आली. वाडा गेल्यावर त्याचा शेजार समजून घ्यायला लिखाणाशिवाय दुसरे काय उरते?

1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने पेठांची एकेक करून माहिती दिली होती. हेतू कारभाराचा होता, तरी जुन्या पुण्याचा शोध घेणाऱ्याला आजही तिथे जावे लागते. पुढे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 23 खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये आला. छापील कोशात पाने मोजकी असतात, तिथे निवड करावीच लागते. मराठी विकिपीडिया 2003 मध्ये सुरू झाला आणि पानांची अडचण संपली. आता विचारणा होते ती अशी, की या विषयावर त्रयस्थ माणसांनी आधी काही लिहून ठेवले आहे का?

ही अट रास्त आहे. ती नसेल तर बिल्डरांच्या जाहिराती आणि नगरसेवकांची स्तुतिस्तोत्रे कोशात शिरतील. पण तिच्यामुळे सदाशिव पेठ सहज आत येते. 1910 पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ तिथे आहे, लिहिणारी माणसेही तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. गोखलेनगरचे काय? 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडेच्या वाडे कोसळले. बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या दिवसाबद्दल पुण्याने भरपूर लिहिले. पण वाड्यातला शेजार तुटलेल्या माणसांनी नव्या जागी संसार कसा मांडला, पाणी कुठून आणले, मुले कोणत्या शाळेत घातली, याबद्दल फार थोडे. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत आणि भवानी पेठेतली काशेवाडी यांची नावे तर बहुतेक वेळा दुर्घटनेच्या बातमीतच छापून येतात. पुरावा नाही म्हणून नोंद नाही, आणि कोणी लिहायला गेले नाही म्हणून पुरावा नाही. यात वस्तीचा दोष काय?

तो दोष आमच्यासारख्यांचा आहे, आणि तो दूर करणे दिवाळी अंकांना जमण्यासारखे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक दरवर्षी सवडीने, मन लावून वाचायला बसतो. अशा अंकात एका वस्तीवर कागदपत्रे तपासून, तिथल्या माणसांशी बोलून लिहिलेला दीर्घ लेख छापला, की उद्याच्या कोशकाराला आधार मिळतो. पुढच्या वर्षापासून आम्ही असा एक लेख दर अंकात देणार आहोत. सुरुवात गोखलेनगरपासून.

वाचकांनो, यासाठी तुमची मदत हवी. घरवाटपाची पत्रे, जुनी रेशनकार्डे, मंडळांचे जमाखर्च, पत्ते छापलेल्या लग्नपत्रिका, गल्लीत काढलेले फोटो जपून ठेवा आणि आम्हाला पाहायला द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तारखा आणि नावे यंदाच्या दिवाळीतच लिहून घ्या.